डीएलएसमध्ये ७८ नॅनोमीटर आणि टेममध्ये ३०, मग खरं माप कोणतं?

तुमचा प्रश्न असा: कडुलिंबाच्या पानांच्या अर्कातून चांदीचे नॅनोकण केले. डीएलएसने (पाण्यातल्या कणांवर लेसर टाकून माप काढणारं मशीन) ७८ नॅनोमीटर दाखवलं, टेमच्या (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपच्या) फोटोत मात्र ३० च्या आसपासचे गोळे दिसतात. प्रोजेक्टमध्ये काय लिहू, आणि डीएलएसवरून कणांचा आकार कळतो का?

दोन्ही लिहा. मशीन बिघडलेलं नाही.

डीएलएस कण बघतच नाही. पाण्यातले कण सतत थरथरत असतात, त्यामुळे त्यांच्यावरून विखुरलेला लेसरचा उजेड लुकलुकतो. ही लुकलुक किती झपाट्याने बदलते, तेवढंच मशीन मोजतं. लाल लेसर आणि मागच्या बाजूचा डिटेक्टर असेल, तर पाण्यातल्या १०० नॅनोमीटरच्या कणासाठी लुकलुक बदलण्याचा हा काळ साधारण ०.३ मिलिसेकंद. लहान कण चपळ, मोठा सुस्त. या चपळाईवरून आइन्स्टाइनच्या १९०५ च्या कामातून आलेल्या सूत्राने व्यास काढतात. सूत्रात तापमान आणि पाण्याचा चिकटपणा दोन्ही येतात, म्हणून फ्रिजमधून काढलेलं सॅम्पल लगेच लावू नका. गार पाण्यात कण हळू हलतात आणि मशीन ते मोठे समजतं.

आता ७८ कुठून आलं? थोडा वाटा लेपाचा. तुमच्या चांदीवर पानांतल्या सेंद्रिय पदार्थांचं पांघरूण आहे आणि पाण्यात कण त्या पांघरुणासकट फिरतो. टेममध्ये सॅम्पल वाळवून जातं आणि तिथे ठळक दिसते ती फक्त चांदी. पण लेपाने ३० चे ७८ होणार नाहीत. खरा गोंधळ घालतात ते मूठभर मोठे कण. एवढ्या लहान कणांवरून विखुरणारा उजेड व्यासाच्या सहाव्या घाताने वाढतो, म्हणजे १०० चा एक कण १० च्या कणापेक्षा साधारण दहा लाख पट उजेड फेकतो. चार-दोन गुठळ्या किंवा धुळीचा एखादा कण असला की बाकीच्यांचा आवाज दबलाच. पीडीआय, म्हणजे मापं किती पसरलेली आहेत ते सांगणारा आकडा, किती आलाय ते बघा. ०.१ च्या खाली असेल तर उत्तम, ०.५ वगैरे असेल तर त्या ७८ ला फार किंमत देऊ नका. सॅम्पल पातळ करून पुन्हा लावा, पातळ करायचं पाणी ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळून घ्या. आणि आकडा टेमशी जुळावा म्हणून ‘नंबर’वाला, म्हणजे कणांच्या संख्येचा, आलेख चिकटवू नका. तो उजेडाच्या आकड्यांवरून गणिताने काढलेला असतो, मूळची छोटी चूक त्यात फुगते.

दुसऱ्या प्रश्नाचा निम्मा घोळ आपल्या भाषेतच आहे. आपण साइझलाही आकार म्हणतो आणि शेपलाही. डीएलएस सांगतं ते आकारमान, तेही कण गोल आहे असं गृहीत धरून. घडणीचा अंदाज हवा तर अनेक कोनांतून विखुरलेला उजेड मोजून वेगळी त्रिज्या काढावी लागते आणि तिला डीएलएसच्या त्रिज्येने भागावं लागतं. भरीव गोळ्याला ०.७७५ येतं, पोकळ फुग्याला १ च्या जवळपास, लांब काडीला बरंच जास्त. ज्या मशीनला एकच कोन आहे, त्यावर हे जमत नाही.

यात मी स्वतः आपटलोय. पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी सोन्याच्या नॅनोरॉडचं, म्हणजे अतिसूक्ष्म काड्यांचं, सॅम्पल लावलं, तर स्क्रीनवर दोन डोंगर: एक ६० च्या जवळ, एक ५ च्या. म्हटलं, बारीक कचरा राहिलाय. आठवडाभर सेंट्रिफ्यूज करत बसलो, वरचं पाणी टाकतोय, परत लावतोय, ५ चा डोंगर जागचा हलेना. शेवटी गाईडनी प्रिंटआउट बघितला आणि म्हणाले, “अरे, ते गिरक्या घेतायत.” रॉड पुढे सरकतो तसा स्वतःभोवतीही फिरतो, आणि त्या गिरकीची लुकलुक सरकण्याच्या लुकलुकीपेक्षा जलद असते. मशीनला वाटतं इथे कुणीतरी फार चपळ, म्हणजे फार लहान आहे. ५ नॅनोमीटरचा कण तिथे एकही नव्हता. मी आठवडाभर टाकत होतो ते चांगले रॉडच.