कॉलनीत सहा घरांवर सोलर बसलं. आपणही एफडी मोडावी का?

प्रश्न: नाशिकला आमची दहा रो-हाऊसची कॉलनी आहे. सहा घरांवर ३ किलोवॉटचं सोलर बसलंय. आम्ही तिघं, महिन्याला सरासरी १५० युनिट, बिल साधारण १,५०० रुपये. तीन जुने पंखे रोज बारा-बारा तास चालतात. त्याच ठेकेदाराने १,९५,००० सांगितले. ७८,००० अनुदान, शिवाय याच महिन्यात घेतलं तर १०,००० सूट. एफडी मोडू का?

उत्तर: एवढ्या मोठ्या सोलरसाठी मोडू नका. शेजाऱ्यांचा वापर ३०० युनिटच्या पुढे असेल तर त्यांचा हिशेब बरोबर आहे, पण तो तुमचा नाही.

१ किलोवॉटमधून महिन्याला साधारण ११० युनिट मिळतात. म्हणजे ३ किलोवॉटचे ३३०, आणि तुम्हाला लागतात १५०. नेट मीटरिंगमध्ये, म्हणजे जादा वीज वीज कंपनीला देऊन तिचा हिशेब बिलात धरण्याच्या सोयीत, जादा युनिट पुढच्या महिन्यांत वळते होतात, पण आर्थिक वर्षाअखेर जे उरतात त्यांना फारच कमी दर मिळतो. स्थिर आकार भरावाच लागतो. त्यामुळे बचत फार तर वर्षाला १६,०००. अनुदान आणि सूट वजा जाता तुमचे १,०७,००० अडकतील. ७ टक्के धरले तर त्यावरचं ७,५०० व्याज दरवर्षी बुडेल. अनुदान तपासणीनंतर खात्यात येतं, तोवर पूर्ण १,८५,००० बाहेर.

गच्चीवरचं पॅनेल सगळ्या गल्लीला दिसतं, म्हणून त्याची चर्चा होते. छताचा पंखा कुणाला दिसत नाही, पण तुमचा खरा पैसा तिथे आहे. जुना पंखा ७५ वॉट, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा नवा पंखा) ३० वॉट. तीन पंख्यांत महिन्याला ४८ युनिट वाचतात आणि तुम्ही शंभराच्या आसपास येता. गंमत अशी की वाचणारे युनिट १०१ ते ३०० या महाग टप्प्यातले; वहन आकार व शुल्क धरून प्रत्येकी १० रुपयांच्या वर. वर्षात आठच महिने पंखे चालले तरी ३,८०० वाचतात. खर्च ९,००० ते १०,०००, म्हणजे अडीच वर्षांत वसूल. बसवताना जुना रेग्युलेटर सर्किटमधून काढायला सांगा. तो राहिला तर पंख्याचा सर्किट बोर्ड जळू शकतो.

शेजाऱ्यांचा उपयोग नक्की करून घ्या, पण माहितीसाठी. त्यांची बारा महिन्यांची बिलं मागून आयात-निर्यातीचे (वीज कंपनीकडून घेतलेले आणि तिला दिलेले) युनिट बघा. टाकीची सावली पॅनेलवर कधी पडते, नेट मीटरला किती आठवडे लागले, इन्व्हर्टर बंद पडला तेव्हा कोण आलं, हे विचारा. आणि तुलनेचा उलटा परिणामही होतो. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या कॅलिफोर्नियातल्या एका अभ्यासात शेजाऱ्यांची सरासरी कळल्यावर कमी वीज वापरणाऱ्या घरांनी वापर वाढवला होता. तुम्ही त्याच गटात आहात. ‘आता वीज फुकटच आहे’ हे वाक्य घरात येऊ देऊ नका.

पंखे बदलून एक उन्हाळा जाऊ द्या. मग हवं तर १ किलोवॉटचं कोटेशन घ्या, त्यालाही ३०,००० अनुदान आहे. इंडक्शन किंवा विजेची स्कूटर नक्की येणार असेल तर २ किलोवॉट, अनुदान ६०,०००. दोन्ही वेळा दुसऱ्या ठेकेदाराचा भाव सोबत मागवा.