फिल्टरवर खूण केलीत, ठेव पावत्यांचं काय?

बेळगावच्या वडगावहून एका काकांचं पत्र आलं आहे. वय 61. उद्यमबागेतल्या फाउंड्रीत मेंटेनन्सला 32 वर्षं काढून गेल्या साली निवृत्त झाले. 2021 ची पेट्रोल गाडी आहे, 46 हजार किलोमीटर चाललेली. शोरूमच्या सर्व्हिसिंगबद्दल संशय होता म्हणून यंदा गाडी देण्याआधी त्यांनी ऑइल फिल्टरवर पिवळ्या मार्करने बारीक रेघ ओढून ठेवली. बिल आलं 9,840 रुपयांचं. त्यात नवा फिल्टर, ब्रेक क्लीनिंग, इंजेक्टर क्लीनिंग, व्हील अलाइनमेंट. घरी येऊन वाकून पाहिलं तर पिवळी रेघ जागच्या जागी. दोन दिवसांनी अंगणात तेलाचे थेंब दिसले, ऑइल काढायच्या बोल्टचे आटे गेलेले. शोरूमवाल्याने माफी मागितली, फिल्टर बदलून दिला आणि लगेच चार वर्षांचं 38 हजारांचं सर्व्हिस पॅकेज पुढे केलं. काका विचारतात, पॅकेज घ्यावं, की मुलगा म्हणतो तशी ही गाडी विकून साडेअकरा लाखांची नवी घ्यावी?

पत्राच्या शेवटी त्यांनी लिहिलं आहे: "पैशांची अडचण नाही. पीएफ-ग्रॅच्युइटीचे 18 लाख दोन क्रेडिट सोसायट्यांत साडेदहा टक्क्यांनी ठेवले आहेत, त्या व्याजावर घर चालतं. दोन्हींचे चेअरमन एकाच घरातले, ओळखीचे. टीडीएसही कापत नाहीत. 11 लाखांच्या पावतीची मुदत येत्या 20 तारखेला संपते, ती पुढे चालू ठेवणार. ठेवीवर साडेबारा टक्क्यांनी कर्ज देतो म्हणतात, म्हणजे गाडी फक्त दोन टक्क्यांत पडते."

काका, पॅकेज घेऊ नका आणि नवी गाडीही घेऊ नका. गाडीचं आधी उरकतो, कारण तुमचं पत्र वाचून मला झोप लागली नाही ती गाडीमुळे नव्हे.

38 हजार आगाऊ कोणाला देणार आहात? न बदललेल्या फिल्टरचे पैसे ज्यांनी घेतले त्यांनाच. तुमची गाडी वर्षाला दहा हजार किलोमीटर चालते. चांगल्या गॅरेजात ऑइल, फिल्टर आणि मजुरी धरून पाच हजार लागतील. चार वर्षांचे 20 हजार, मध्ये एकदा ब्रेक पॅडचे तीन-चार हजार. 24 हजारांत सगळं भागतं. अशा पॅकेजच्या कागदाची मागची बाजूही वाचा. ब्रेक पॅड, क्लच, वायपर, बॅटरी, टायर या झिजणाऱ्या वस्तू बहुतेक वेळा वगळलेल्या असतात. म्हणजे जिथे खर्च खरोखर येतो तिथे पुन्हा खिशात हात.

असं का होतं तेही सांगतो. शोरूमचा मालक वेगळा आणि गाडी बनवणारी कंपनी वेगळी. काउंटरवरच्या सर्व्हिस अ‍ॅडव्हायझरला महिन्याचं टार्गेट असतं आणि ते भरतं इंजेक्टर क्लीनिंग, एसी डिसइन्फेक्शन, अंडरबॉडी कोटिंग अशा जादा कामांवर. ओनर्स मॅन्युअलमध्ये कोणत्या किलोमीटरला काय करायचं याचा तक्ता असतो. तुमच्या बिलातल्या एकेक ओळीवर बोट ठेवून ती तिथे सापडते का बघा. आत मेकॅनिकच्या अंगावर दिवसाला मोजून इतक्या गाड्या असतात आणि गिऱ्हाइकाला आत सोडत नाहीत. जे कोणी बघत नाही तेच काम राहतं. तुम्ही 32 वर्षं मशीनची देखभाल केलीत, तुम्हाला हे मी सांगायला नको.

आट्यांचं नुकसान मात्र सोडू नका. जॉब कार्ड, बिल आणि फोटो जोडून शोरूमच्या सर्व्हिस मॅनेजरला ईमेल करा, प्रत कंपनीच्या ग्राहक विभागाला. मागणी दोनच गोष्टींची: तेलाची गळती त्यांच्या खर्चाने दुरुस्त करणं आणि न केलेल्या कामाचे पैसे परत. पंधरा दिवसांत दाद नाही मिळाली तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा. तरीही हलले नाहीत तर बेळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जा. दोन वर्षांच्या आत तक्रार करायची असते आणि मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असली तर फी लागत नाही.

गाडी मात्र ठेवा. 46 हजार किलोमीटर म्हणजे पेट्रोल इंजिनाला काहीच नाही. 2036 पर्यंत नोंदणी आहे, लाइफ टॅक्स भरून झाला आहे. नव्या गाडीच्या साडेअकरा लाखांत दीड लाखाच्या आसपास तर नुसता कर्नाटकचा लाइफ टॅक्स. शिवाय ती नवी गाडीही सर्व्हिसिंगला शोरूममध्येच जाणार.

आता तुम्ही न विचारलेलं.

"फक्त दोन टक्के" हे गणित ज्याने तुमच्या डोक्यात घातलं, त्याचा मला राग आला आहे. नवी गाडी साडेअकरा लाख, जुनीचे चार येतील. कर्ज साडेसात लाखांचं. त्याचं वर्षाचं व्याज 94 हजार. 18 लाखांवर तुम्हाला मिळतात 1 लाख 89 हजार. हातात उरतात 95 हजार, म्हणजे महिन्याला आठ हजार, आणि कर्जाचं मुद्दल जसंच्या तसं उभं. आज पावणेसोळा हजारांत चालणारं घर तुम्ही आठात चालवणार आहात का? मुलाला हे गणित दाखवलंत का?

याहून मोठी गोष्ट म्हणजे ते 18 लाख जिथे आहेत ती जागा. बँकेतल्या ठेवीला, मग ती अर्बन को-ऑप बँक का असेना, ठेव विम्याचं संरक्षण असतं: एका बँकेत एका माणसाला व्याजासह पाच लाखांपर्यंत. 4 फेब्रुवारी 2020 पासून ही मर्यादा एक लाखावरून पाच लाख झाली. सोसायटीला ते अजिबात नाही. पावतीवर संस्थेचं नाव नीट वाचा. त्यात 'सौहार्द' असेल तर ती 1997 च्या कर्नाटक सौहार्द सहकारी कायद्याखालची. मल्टिस्टेट, म्हणजे एकाहून जास्त राज्यांत चालणारी असेल तर तिचा निबंधक, म्हणजे सहकारी संस्थांवर देखरेख ठेवणारा सरकारी अधिकारी, दिल्लीत. नावात 'बँक' नाही, रिझर्व्ह बँकेची देखरेख नाही आणि बुडाली तर हमी देणारं कोणी नाही. दोन पावत्या केल्या म्हणजे जोखीम विभागली असं तुम्हाला वाटतं. पण दोन्हीकडे घर एकच आहे, तेव्हा पावतीही खरं तर एकच आहे.

सोसायट्या सरसकट वाईट असतात असं मी म्हणणार नाही. उसाचं बिल अडकलेल्या शेतकऱ्याला, निपाणीच्या तंबाखूवाल्याला, गणपत गल्लीतल्या दुकानदाराला वेळेला पैसा तिथेच मिळतो. पण तुम्हाला साडेदहा देणारा पुढे चौदा-पंधराने कर्ज वाटतो, आणि ते घेणारा बहुतेकदा बँकेने नाही म्हटलेला असतो. माझ्या आत्याचे तीन लाख अशाच एका संस्थेत अडकले. ओळखीचाच माणूस होता, पिग्मी, म्हणजे रोजची छोटी बचत, गोळा करायला रोज दारात यायचा. अडीच वर्षं ती पासबुक घेऊन खेटे घालत होती. मुद्दल तुकड्यातुकड्याने आलं, तेही पूर्ण नाही. तिचा चेहरा मी विसरलो नाही, म्हणून तुम्हाला इतकं लांबलचक लिहितो आहे.

टीडीएस न कापणं म्हणजे करमाफी नव्हे. व्याज विवरणपत्रात दाखवावंच लागतं.

पैसा न्यायचा कुठे? तुम्ही साठी ओलांडली आहे, पोस्टाची ज्येष्ठ नागरिक बचत योजना तुमच्यासाठीच आहे. मर्यादा 30 लाख, मुदत पाच वर्षं, व्याज दर तिमाहीला खात्यावर. 2025 मध्ये दर 8.2 टक्के होता. 15 लाखांवर तिमाहीला 30,750. उरलेले तीन लाख बँकेच्या मुदत ठेवीत, अडीअडचणीला. सात टक्के धरा, वर्षाला 21 हजार. एकूण 1 लाख 44 हजार, महिन्याला 12 हजार. आजच्यापेक्षा पावणेचार हजार कमी. ही झळ खरी आहे, ती मी लपवत नाही. घरखर्च थोडा आवळावा लागेल, मुलाने दोन हजार पाठवले तर तेवढंही जाणवणार नाही.

सात लाखांच्या दुसऱ्या पावतीला मुदत बाकी असेल तर मुदतपूर्व मोडण्याचा नियम लेखी मागा. एक टक्का कापला तर वर्षाचे सात हजार जातील. जाऊ देत, मोडा.

11 लाखांच्या पावतीबाबत नूतनीकरणाच्या कागदावर सही करू नका. 20 तारखेच्या आठ दिवस आधी लेखी अर्ज द्या, पूर्ण रक्कम बँक खात्यात आरटीजीएसने हवी म्हणून, आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का-सही घ्या. चेअरमन घरी चहाला बोलावतील, आणखी अर्धा टक्का देतो म्हणतील. "थोडे थोडे घेऊन जा" असं ऐकू आलं तर त्याच दिवशी मला फोन करा, आपण दोघं मिळून निबंधकांकडे अर्ज लिहू.