तुळस हवी होती, मग हमिंगबर्ड कुठून आला?

पत्र: ताई, मी २६ वर्षांची, कोथरूडला राहते. गेल्या वर्षी आजी गेली, आईची आई. तिच्या डाव्या हातावर तुळस गोंदलेली होती. तिची आठवण म्हणून मनगटाच्या आतल्या बाजूला टॅटू करायचाय. ऑनलाइन एक डिझाइन खूप आवडलंय : हमिंगबर्ड, कमळ आणि खाली देवनागरीत एक ओळ. किंमत १८०० रुपये, सवलत रविवारपर्यंतच. ते विकत घेऊनच आर्टिस्टकडे जावं म्हणते, म्हणजे तिथे ऐनवेळी गोंधळ नको. आई म्हणते, "आजीला धरून बसवून गोंदलं होतं, तिला कुणी विचारलं नव्हतं. तू कशाला पैसे देऊन सुया टोचून घेतेस?" काय करू?
– आजीची नात

अगं, आधी तो रविवार जाऊ दे. अशा सवलती दर रविवारी संपतात आणि सोमवारी पुन्हा सुरू होतात.

तुझं मूळ पत्र बरंच मोठं होतं, इथे कापून छापलंय. त्यात पक्ष्याच्या पंखांच्या रंगछटांवर अख्खा परिच्छेद होता आणि तुळशीवर एकच ओळ. मला ते खटकलं. हमिंगबर्ड अमेरिकेतला. आपल्याकडे जास्वंदीला लटकून मध पिताना दिसतो तो शिंजीर. तुझ्या आजीचं या दोघांशीही काही नातं असेल असं वाटत नाही. तिच्या हातावर काय होतं हे तुला पक्कं ठाऊक आहे, तरी तू दुकानं धुंडाळते आहेस. तयार चित्र घेतलं की ठरवण्याचं ओझं उतरतं, म्हणून असेल. पण ऐनवेळचा गोंधळ त्याने टळणार नाही, उलट वाढेल.

माप न देता शिवून आणलेला ब्लाउज असतो ना, तसं हे डिझाइन. ते स्क्रीनवर सुंदर दिसेल असं काढलेलं असतं. तुझ्या मनगटावर जेमतेम दोन इंच जागा, तीही गोलाकार. शाई वरच्या कातडीखालच्या थरात जाते आणि वर्षं जातील तशी रेघ थोडी पसरते. आज नाजूक वाटणारी पिसं पुढे एकमेकांत मिसळतात. गव्हाळ कातडीवर फिकट पिवळा, पांढरा रंग फारसा उठत नाही. म्हणजे आर्टिस्टला ते पुन्हा काढावंच लागेल, आणि त्याचे पैसे बरेच जण वेगळे घेतात. शिवाय दुसऱ्याचं चित्र जसंच्या तसं गोंदायला काही चांगले आर्टिस्ट सरळ नकार देतात. तीच फाइल आणखी किती जणांना विकली गेलीय, तेही तुला कळणार नाही.

देवनागरीचं तर विचारूच नकोस. फाइल बनवणाऱ्याला लिपी येत नसेल तर जोडाक्षरं फुटतात, पहिली वेलांटी उडी मारून अक्षराच्या पलीकडे जाऊन बसते. ती जन्मभर तशीच. लिपी बरोबर असली तरी अक्षरं बारीक ठेवलीस तर 'भ', 'थ', 'ध'च्या गाठी काही वर्षांत बुजतील. ओळ हवीच असेल तर दोन-तीन शब्द ठेव, जरा मोठे, आणि ह्रस्व-दीर्घ एखाद्या मराठीच्या शिक्षकांना दाखवून घे.

पैसे खर्च करायचेच आहेत तर आर्टिस्टला डिझाइनचा अॅडव्हान्स दे. त्या पैशांत किती वेळा बदल करून मिळेल आणि हे चित्र तो दुसऱ्या कुणाला देणार का, हे आधीच विचार. त्याच्याकडे आजीच्या हाताचा फोटो घेऊन जा, कितीही पुसट असू दे. नक्षीचे आणखी नमुने बघायचे असतील तर राजा दिनकर केळकर संग्रहालयात एक दुपार घालव. तिथले जुने दिवे आणि अडकित्ते नीट पाहा. कोणत्याही वेबसाइटपेक्षा ते तुळशीच्या जवळचे आहेत. आर्टिस्टकडे ताज्या कामाचे नाही, एक-दोन वर्षं जुन्या टॅटूचे फोटो माग. गोंदण्याआधी कातडीवर स्टेन्सिलचा जांभळा छाप उठला की उभी राहा, हात सैल सोड आणि आरशात बघ. वाकडा वाटला तर पुसायला सांग, तिसऱ्यांदा सांगावं लागलं तरी लाजू नकोस. नव्या सुईचं पाकीट तुझ्यासमोर फोडायचं, यात तडजोड नाही. आणि रक्तदान करत असशील तर टॅटूनंतर वर्षभर करता येणार नाही.

आता आई. २६व्या वर्षी तुला तिची परवानगी लागत नाही. पण तिचं वाक्य पुन्हा वाच. त्यात नोकरी, लग्न, लोक काय म्हणतील, यातलं काहीच नाही. तिला आठवतेय ती धरून बसवलेली लहान मुलगी. तुझी आजी गेली तशी तिची आई गेली, आणि त्या गोंदणाबद्दल आजीने तिला जे सांगितलं ते बहुधा तुला सांगितलेलं नाही. तेव्हा 'टॅटू करू का' असं विचारू नकोस. तुळशीला वृंदावन होतं का, बाजूला ठिपके किती होते, हे विचार. तुझ्या फोटोत जे दिसत नाही ते तिला आठवत असेल. ती कागदावर काढून देईल कदाचित. कदाचित चिडेलही, मग महिनाभर थांब. त्या तुळशीचं तिच्याइतकं पक्कं माप आता दुसऱ्या कुणाकडे नाही.

ती यायला तयार झाली तर आर्टिस्टकडे मधल्या वारी वेळ घे. शनिवार-रविवार गर्दी असते, आणि तुम्हा दोघींना त्या स्टेन्सिलपुढे वाद घालायला वेळ लागणार आहे.

– तुझी ताई