बोल्टचा नंबर जुळत नाही, म्हणून दोनशे डॉलरला देऊन टाकू नका

तुमचा प्रश्न वाचला आणि जुनं दुखणं परत ठसठसलं. मला समजलं ते असं: ओहायोतल्या शेजारच्या आजोबांनी त्यांच्या वडिलांची, १९४५ला युद्धावरून आणलेली जर्मन माउझर तुम्हाला द्यायचं ठरवलंय. रिसीव्हरवर (नळीमागचा पोलादी गाभा) ‘बीवायएफ ४३’ आहे, त्यात मागेपुढे सरकणाऱ्या बोल्टवर भलताच नंबर, लाकडी दस्त्यावर तिसराच. दुकानदार म्हणतो, “पार्ट्स गन आहे, म्हणजे इकडचे तिकडचे भाग जोडलेली, दोनशे घ्या नि सोडा.” सोडू नका. निदान दस्ता उतरवून आत पाहिल्याशिवाय तरी नाही.

ओळख सोपी आहे. ‘बीवायएफ’ म्हणजे माउझरचा ओबर्नडॉर्फ कारखाना, ४३ म्हणजे १९४३, रायफल काराबिनर ९८के. हे साल दुर्मिळ नाही, त्यामुळे कोडवरून किंमत चढत नाही. रिसीव्हरच्या डाव्या अंगाला नंबर असतो आणि त्याच्या खाली एक छोटं अक्षर. ते अक्षर लोक टिपून घ्यायचं विसरतात. दरवर्षी नंबर १पासून सुरू व्हायचे, ९९९९ झाले की ‘ए’ जोडून पुन्हा १, मग ‘बी’. एका कारखान्याच्या एकाच सालात चार आकडे तेच असलेल्या कितीतरी रायफली निघायच्या. अक्षराशिवाय नंबर म्हणजे आडनावाशिवाय पाटील.

आता खरा मुद्दा. ‘नंबर जुळत नाहीत’ म्हणजे नक्की काय, हे कुणी विचारतच नाही. अदलाबदल कुणी केली आणि कधी, त्यावर किंमत ठरते. शरणागतीच्या वेळी रायफलींचा ढीग वेगळा आणि बोल्टचा वेगळा असा प्रकार सर्रास व्हायचा. अमेरिकन सैनिकांनी रायफल उचलली आणि हाताला लागेल तो बोल्ट घातला. म्हणून बोल्ट सोडून बाकी सगळं जुळणारी रायफल ही संग्राहकाच्या दृष्टीनं चांगली वस्तू आहे. सोव्हिएत शस्त्रागारातून गेलेली वेगळी. तिथे जप्त रायफली खोलून, धुऊन, हाताला येतील ते भाग जोडून साठवल्या होत्या. दस्त्यावर लालसर चकचकीत शेलॅक (लाखेचं रोगण), रिसीव्हरवर बऱ्याचदा ‘एक्स’ची खूण, सफाईची सळई गायब, स्क्रू अडवणारे छोटे स्क्रूही गायब. अशा रायफली बऱ्याच नंतर व्यापाऱ्यांनी अमेरिकेत आणल्या, त्यामुळे बॅरलवर आयातदाराचा बारीक शिक्का असायला हवा. तो सापडला तर आजोबांची गोष्ट खोटी, हे त्यांना न दुखावता मनात ठेवा.

मी जिथे पैसे घालवले ते या उलट टोकाला. जुळणारे नंबर पाहून भाळलो. सोव्हिएत कामगार बोल्टवर, मॅगझिनच्या तळपट्टीवर, बटप्लेटवर रिसीव्हरचा नंबर स्वतः टाकत: कधी ठशानं, कधी विजेच्या पेन्सिलीनं कोरून. मूळ नंबरावर एक आडवी रेघ, शेजारी नवा. कधी मूळ घासूनच टाकलेला. पुस्तकी भाषेत ही रायफल ‘जुळणारी’, बाजारात मात्र नाही. आणि एका मूल्यांकन कार्यालयानं फी घेऊन ‘सर्व क्रमांक जुळतात’ असं लेखी दिलं. कोरीव नंबरांचे फोटो पाठवल्यावर उत्तर काय, तर ‘आमच्या अहवालात जुळतात असं लिहिलंय, मूळचे आहेत असं कुठे लिहिलंय?’ शब्दांत पकडून पैसे खिशात. तेव्हापासून ‘मॅचिंग’ ऐकलं की माझा पहिला प्रश्न असतो: कुणी मॅच केलं?

हे घरी ओळखता येतं. आधी बोल्ट मागे ओढून चेंबरमध्ये नजर टाका, बोट घालून खात्री करा. बोल्ट बाहेर काढा, हँडलच्या मुळाशी नंबर असतो. खिडकीचा उजेड नको. खोली अंधारी करून टॉर्च जवळजवळ आडवा धरा. घासलेल्या जागी धातू किंचित खोलगट दिसतो, आणि सरळ उजेडात न दिसणारी जुन्या आकड्याची शेपटी वर येते. मग शाळेतला पांढरा खडू त्यावर चोळा आणि कापडानं अलगद पुसा. ब्रासो, स्टील वूल, सँडपेपर, वॉर्निश यांतलं काहीही लावू नका. त्याखाली शिक्के मरतात.

सेफ्टी, कॉकिंग पीस, एक्स्ट्रॅक्टर, पट्ट्या, मागची दृष्टिपट्टी, ट्रिगर गार्ड, सगळीकडे पूर्ण नंबर किंवा शेवटचे दोन आकडे असतात. फक्त शेवटचे दोन जुळले म्हणून खूश होऊ नका, शंभरात एक तरी योगायोगानं जुळणारच. तपासणीच्या छोट्या गरुड-शिक्क्याखालचा आकडाही बघा: ओबर्नडॉर्फचा १३५. बोल्टवर ६३ असेल तर तो ब्रनोचा. मात्र वेगळा गरुड दिसला की लगेच ‘बदललेला’ म्हणू नका, काही भाग कारखाने बाहेरूनही घेत. दस्त्याचा जर्मन नंबर आतल्या खाचेत असतो. तुम्ही पाहिलेला नंबर बाहेरच्या बाजूला ठोकलेला असेल, तर तो बहुधा नंतरचा आहे. आतला पाहा, तोच कदाचित जुळेल.

गोळी झाडायची हौस असेल तर थांबा. हे काडतूस चेंबरमध्ये स्वतःच्या पितळी नळीच्या निमुळत्या खांद्यावर टेकतं. परका बोल्ट म्हणजे बोल्टच्या तोंडापासून त्या टेकण्याच्या जागेपर्यंतचं अंतर, हेडस्पेस, तपासलेलंच नाही. जास्त असेल तर काडतुसाची पितळी नळी तळाजवळ ताणून फाटते आणि गरम वायू तुमच्या तोंडाकडे येतो. गनस्मिथ बोल्टमधून स्ट्रायकर आणि एक्स्ट्रॅक्टर काढून ‘गो’ आणि ‘नो-गो’ गेज (हे अंतर मोजायची मापं) हलक्या बोटानं लावतो, दहा मिनिटांचं काम. कॅलिबरही त्याच्याकडूनच पक्कं करा: नॉर्वेनं अशा कितीतरी रायफली .३०-०६मध्ये बदलल्या, इस्रायलनं ७.६२ नाटोमध्ये. मूळची ७.९२ बाय ५७. गावाकडची .३१५ रायफल ती हीच, असं कुणी सांगितलं तर हसून सोडून द्या, ती ८ बाय ५०आर, वेगळ्याच घराण्यातली.

किंमतीबद्दल: मागितलेले भाव नका बघू, विकली गेलेल्यांचे बघा, आणि तेही त्याच प्रकारच्या रायफलीचे. सोव्हिएतची तळाशी, फक्त बोल्ट चुकलेली तिच्या वर, अस्सल जुळणारी आणि सोबत सैनिकाचा जप्तीचा कागद असलेली फारच वर. नेमका आकडा मी फोटोवरून सांगणार नाही, जो सांगेल त्याच्यापासून चार हात लांब राहा. ‘योग्य’ बोल्ट शोधून घालण्याच्या फंदात पडू नका. बाहेरून घेतलेला बोल्ट कितीही ओबर्नडॉर्फचा असला तरी नंबर चुकीचाच राहणार, आणि सध्याचा बोल्ट बदलला की या रायफलीच्या इतिहासाचा एक तुकडा गेला.

मी वकील नाही, तरी एक सांगतोच. तुम्ही एच-१बीवर असाल तर अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानं तुमच्याकडे बंदूक असणंच मुळात बेकायदा आहे. वैध शिकार-परवान्यासारखे अपवाद आहेत, पण ते वकिलाकडून तपासून घ्या. ग्रीन कार्डवर ही अडचण नाही. तोवर ती आजोबांच्याच कपाटात राहू दे. सामानातून भारतात नेण्याचा विचार तर मनातही आणू नका.

जाता जाता: नळीला दस्त्याशी बांधणारी मागची धातूची पट्टी सरकवून तिच्याखाली नीट बघा. सैनिकी झोळीत मावावी म्हणून सैनिक तिथे दस्ता करवतीनं कापत आणि पट्टीनं सांधा झाकत. तशी रेघ दिसली तर विकत घेणारा तोंड वाकडं करील, पण आजोबांच्या वडिलांनी ती खरंच आणली याचा तुमच्या हाती असलेला सर्वांत चांगला पुरावा तोच आहे. चिकटवू नका, आधी फोटो काढून इथे टाका.