पोलिसाशी वाद घातला, त्याचं शूटिंग केलं, तर ‘सरकारी कामात अडथळा’ होतो का?

तुमचा प्रश्न असा आहे : घोडबंदर रोडला रात्रीच्या नाकाबंदीत मित्राची स्कूटर अडवली, हवालदाराने चावी काढून घेतली, मित्राचा आवाज चढला. तुम्ही मोबाइल काढलात तेव्हा "बंद कर, नाहीतर 353 टाकीन, पाच वर्षं आत जाशील" असा दम मिळाला. अमेरिकेतले लोक रील्समध्ये पोलिसाला तोंडावर वाट्टेल ते सुनावतात, मग आपल्याकडे भाषणस्वातंत्र्य आहे की नाही?

मी ठाण्याच्या कोर्टात फौजदारी कामं करतो, ही प्रकरणं नेहमीची. आधी त्या दमाचं बघू. 353 म्हणजे सरकारी नोकराला कामापासून रोखायला त्याच्यावर हल्ला किंवा बळाचा वापर करण्याचं जुन्या भारतीय दंड संहितेतलं कलम. ती संहिता 1 जुलै 2024 पासून गेली आणि तिच्याबरोबर 353 सुद्धा. तोंडातली सवय मात्र जात नाही. आता त्या जागी भारतीय न्याय संहितेचं कलम 132 आहे. पाच वर्षांचं म्हणणं महाराष्ट्रापुरतं खरं होतं, कारण 2018 मध्ये राज्याने दुरुस्ती करून दोनाची पाच वर्षं केली होती. नव्या संहितेत ती परत दोनवर आली. पण लगेच हुश्श करू नका. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्रच आहे. पोलीस ठाण्यातून जामीन हक्काने मिळत नाही, कोर्टात उभं राहावं लागतं. त्यात शनिवारी रात्री उचललं तर रविवारी सुट्टीच्या कोर्टासमोर. शिक्षेपेक्षा माणसं या फेऱ्यालाच जास्त घाबरतात.

आता मुद्द्याचं. 132 लागायला हल्ला किंवा बळाचा वापर लागतो. नुसत्या बोलण्याने भागत नाही, आणि हे माझं मत नाही, संहितेतच लिहिलंय. कलम 130 खालचं स्पष्टीकरण सांगतं की केवळ शब्द म्हणजे हल्ला नव्हे. मात्र त्याला शेपूट आहे : शब्दांमुळे हावभावाला हल्ल्याचा अर्थ येऊ शकतो. "तुम्ही चुकीचं करताय साहेब" असं कितीही मोठ्याने म्हटलं तरी तो हल्ला होत नाही. पण तेच दोन पावलं पुढे येऊन, मूठ उगारून "थोबाड फोडीन" म्हटलं, तर हात लागला नाही तरी तुम्ही हद्द ओलांडलीत.

सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी 2015 चा माणिक तनेजा विरुद्ध कर्नाटक राज्य हा निकाल याच धाटणीचा आहे. बेंगळुरूच्या जोडप्याने ट्रॅफिक पोलिसांच्या फेसबुक पानावर पोलीस निरीक्षकाच्या वागण्याची तक्रार लिहिली, आणि त्यांच्यावर 353 आणि धमकीचं 506 लावलं. न्यायालयाने गुन्हा रद्द केला. फेसबुकवरच्या ओळीत कसला आलाय बळाचा वापर! त्याच वर्षी मार्चमध्ये आक्षेपार्ह ऑनलाइन मजकुरासाठी अटक करायला वापरलं जाणारं आयटी कायद्याचं 66अ सुद्धा सर्वोच्च न्यायालयाने रद्द केलं. त्यासाठीच्या याचिकेमागे 2012 मधली पालघरची अटक होती, आणि पालघर तेव्हा आपल्याच ठाणे जिल्ह्यात होतं. बंदवरच्या एका पोस्टसाठी दोन मुलींना अटक झाली होती.

मग एवढं सगळं असताना लोक 132 मध्ये अडकतात कसे? फिर्याद वाचा, म्हणजे कळेल. "नमूद इसमाने आम्ही कायदेशीर कर्तव्य बजावीत असताना आमच्याशी हुज्जत घालून, अर्वाच्य भाषेत शिवीगाळ करून, आमची गचांडी धरून धक्काबुक्की केली व शासकीय कामात अडथळा आणला." हे वाक्य थोड्याफार फरकाने मी इतक्यांदा वाचलंय की डोळे मिटून टाइप करीन. तुमचं बोलणं त्यात ‘हुज्जत’ या एका शब्दात आटोपतं. वजन पडतं ते गचांडीवर. कधी गचांडी खरोखर धरलेली असते, आमचे अशील काही संत नसतात. कधी चावी परत घ्यायला हात पुढे केलेला असतो आणि कागदावर त्याची धक्काबुक्की होते. चिडलेला माणूस ज्या क्षणी "माझी चावी द्या" म्हणत हवालदाराच्या मुठीला हात घालतो, त्या क्षणी बोलण्याचं प्रकरण बळाचं होतं. चावी काढून घेणं मोटार वाहन कायद्यात बसत नाही. कलम 207 खाली ठरावीक कारणांसाठी गाडी अडकवून ठेवता येते, ती गोष्ट वेगळी. तरीही चावी हिसकावू नका. ती त्याच्याकडेच राहू द्या आणि "चावी कुठल्या कलमाखाली घेतली?" हे मोठ्याने, शूटिंगमध्ये येईल असं विचारा.

शूटिंग म्हणूनच कामाचं. रस्त्यावरच्या नाकाबंदीचं शूटिंग करू नये असं सांगणारं कलम नाही. पोलीस ठाण्यातसुद्धा, 2022 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने वर्ध्याच्या प्रकरणात सांगितलं की शासकीय गुपिते अधिनियमातल्या ‘प्रतिबंधित ठिकाणा’त पोलीस ठाणं बसत नाही. गंमत अशी की नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 105 झडती आणि जप्तीच्या वेळी ऑडिओ-व्हिडिओ रेकॉर्डिंग करायला पोलिसांनाच सांगतं. मोबाइल मात्र त्याच्या नाकाखाली धरू नका. चार-पाच हात लांब उभं राहा, मध्ये येऊ नका. मध्ये आलात तर कलम 221, म्हणजे कामात अडथळा : तीन महिने किंवा अडीच हजारांपर्यंत दंड. शिवाय महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 68 प्रमाणे पोलिसाची वाजवी सूचना पाळावी लागते. "मागे सरका" ही वाजवी सूचना, "व्हिडिओ डिलीट कर" ही नव्हे.

अमेरिकेचं म्हणाल तर तिथे 1987 मध्ये ह्यूस्टन शहराचा नियम सर्वोच्च न्यायालयाने फेटाळला. कामात असलेल्या पोलिसाला बोलून अडवणंही त्या नियमाने गुन्हा होत होता. अटकेची भीती न बाळगता पोलिसाला तोंडी विरोध करता येणं ही स्वतंत्र देशाची खूण आहे, असं न्यायालयाने म्हटलं. शिवी देण्याची मुभा त्यांच्याकडे आपल्यापेक्षा बरीच मोठी आहे. आपल्याकडे राज्यघटनेत भाषणस्वातंत्र्य देणाऱ्या 19(1)(अ) च्या मागोमाग त्यावर मर्यादा घालणारं 19(2) येतं, त्यात सभ्यता आहे, बदनामी आहे, सार्वजनिक सुव्यवस्था आहे. रस्त्यात आईबहिणीवरून शिवी दिलीत तर न्याय संहितेची 296 (अश्लील शब्द) आणि 352 (चिथावणारा अपमान) ही कलमं तयारच असतात. रील बघून माजिवड्याला तसा आव आणू नका, एवढंच सांगेन. "वर्दी उतरवीन", "बघून घेईन" हेही नको. "तुमची तक्रार करणार आहे" हे बिनधास्त म्हणा. कायदेशीर तक्रारीचा इशारा म्हणजे धमकी नव्हे. नाव विचारायलाही घाबरू नका, अटक करणाऱ्याची नावाची पट्टी स्पष्ट दिसली पाहिजे असं नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 36 च सांगतं.

मित्रावर अजून गुन्हा दाखल नसेल तर त्या परिमंडळाच्या उपायुक्तांच्या नावे दोन परिच्छेदांचा अर्ज लिहा : तारीख, वेळ, ठिकाण, चावीची गोष्ट. दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका. मारहाण किंवा बेकायदा अटक झाली असेल तर राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण आहे. त्या रात्री त्याला पोलीस ठाण्यात नेलं असेल तर सीसीटीव्ही फुटेज जपून ठेवण्याची मागणी त्याच अर्जात घाला. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2020 मध्ये ते अठरा महिने, आणि तशी सोय नसेल तर किमान एक वर्ष ठेवायला सांगितलंय. प्रत्यक्षात मात्र वेळेवर मागितलं नाही तर "कॅमेरा बंद होता" हे उत्तर ठरलेलं. व्हिडिओची मूळ फाइल मोबाइलमध्येच राहू द्या, व्हॉट्सॲपवर फिरवून आलेली प्रत पुरावा म्हणून देऊ नका.