कॅननच्या क्रॉप सेन्सर कॅमेऱ्यावर कायम लावून ठेवायला कोणती झूम लेन्स घ्यावी?

तुमच्याकडे १८-५५ आणि ५५-२५० अशा दोन्ही लेन्स आहेत, फिरताना त्या सारख्या बदलून वैताग येतो आणि म्हणून १८-३०० घ्यावी का, असं तुम्ही विचारलंय. मी म्हणेन, नको. फिरायची लेन्स निवडताना सगळे मोठ्या आकड्याकडे बघतात. तुम्ही लहान आकड्याकडे बघा. (हे आकडे फोकल लेंग्थचे, मिलिमीटरमध्ये: आकडा लहान तितकं दृश्य रुंद, मोठा तितकी लांबची वस्तू मोठी दिसते.)

लांबची वस्तू लहान आली तर फोटो नंतर थोडा कापता येतो, किंवा चार पावलं पुढे जाता येतं. पण अरुंद खोलीत पाठ भिंतीला टेकली की मागे सरकायला जागाच उरत नाही, आणि जे फ्रेममध्ये आलंच नाही ते नंतर कुठून आणणार? दोन-तीन फोटो जोडून पॅनोरमा करता येतो हे खरं, पण त्यात माणसं हलली की सगळं फिसकटतं. शिवाय हिशोब बघा: २५० वरून ३०० वर गेल्यावर वस्तू २० टक्के मोठी दिसते. १८ वरून १५ वर आल्यावर पडणारा फरकही नेमका तेवढाच आहे, फक्त ३ मिलिमीटरमध्ये! कॅननच्या १.६ क्रॉपमुळे, म्हणजे सेन्सर फुल फ्रेमपेक्षा (जुन्या ३५ मिमी फिल्मच्या आकाराच्या सेन्सरपेक्षा) १.६ पट लहान असल्यामुळे, १८ म्हणजे फुल फ्रेमवरचे साधारण २९ होतात आणि १५ म्हणजे २४. इमारती, घरातले कार्यक्रम, डोंगरावरून दिसणारा मुलूख, या सगळ्यात तो फरक लगेच जाणवतो.

म्हणून माझी पहिली पसंती कॅननची ईएफ-एस (क्रॉप सेन्सर कॅमेऱ्यांसाठीची) १५-८५. मी स्वतः हीच वापरतो आणि ती कॅमेऱ्यावरून क्वचितच उतरते.

पण माझ्या शब्दावर जाऊ नका. तुमचे गेल्या वर्षभरातले फोटो कॉम्प्युटरवर उघडा. प्रत्येक फोटोच्या माहितीत फोकल लेंग्थ नोंदलेली असते आणि बहुतेक फोटो सॉफ्टवेअरमध्ये त्यानुसार फोटो वेगळे काढता येतात. बरोब्बर १८ वर काढलेल्यांचा ढीग मोठा निघाला तर समजा, तिथे तुम्हाला आणखी वाइड हवं होतं आणि लेन्स संपली. ढीग ७० ते १३५ च्या मध्ये असेल तर मात्र १८-१३५ घ्या, ती तुमची लेन्स बदलण्याची कटकट जास्त वाचवेल. आणि १३५ च्या पुढचे फोटो मोजके असतील तर ३०० चा नाद सोडलेलाच बरा. त्या कामासाठी ५५-२५० आहेच, आणि २५० वर ती १८-३०० सारख्या बहुतेक सुपरझूमपेक्षा चांगली प्रतिमा देते. सुपरझूम एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पोचायला बऱ्याच तडजोडी करते: वाइडला सरळ रेषा वाकतात, लांबच्या टोकाला फोटो मऊ पडतो आणि अ‍ॅपर्चर एफ/६.३ पर्यंत खाली जातं (अ‍ॅपर्चर म्हणजे प्रकाश आत घेणारं छिद्र; एफचा आकडा मोठा तितका प्रकाश कमी). उडत्या धुळीत लेन्स उघडायचीच नसेल, तर तिचा उपयोग आहे हे मान्य.

आता उजेडाचं. १५-८५ चं अ‍ॅपर्चर एफ/३.५-५.६ आहे, म्हणजे या बाबतीत ती तुमच्या १८-५५ पेक्षा सरस नाही. संध्याकाळी घरात लहान मुलांचे फोटो हा तुमचा मुख्य विषय असेल तर गणित बदलतं. स्टॅबिलायझेशन तुमचा हात सावरतं, मुलाला थांबवत नाही. १/१५ सेकंदाला कपाट स्पष्ट येईल आणि मूल पुसट. तिथे एफ/२.८ च लागतं, कारण ते एफ/५.६ च्या चौपट प्रकाश आत घेतं. कॅननची १७-५५ किंवा सिग्माची १७-५० बघा. मात्र त्या अनुक्रमे ६४५ आणि ५६५ ग्रॅमच्या आहेत, आणि १८-५५ एसटीएम जेमतेम २०५ ची. दिवसभर गळ्यात अडकवून फिरलात की हा फरक मानेला कळतो. (१५-८५ देखील ५७५ ग्रॅम आहे, हे लपवत नाही.) मधला मार्ग म्हणजे १५-८५ सोबत खिशात ५० मिमी एफ/१.८. एफ/५.६ च्या तुलनेत ती जवळजवळ दहापट प्रकाश घेते, आणि चेहऱ्यांसाठी क्रॉप सेन्सरवर सुंदर बसते.

१५-८५ ही २००९ ची लेन्स आहे, त्यामुळे वापरलेलीच घ्यावी लागेल. टॉर्च मारून आत फंगसचे (बुरशीचे) धागे आहेत का ते बघा. मग छापील मजकुराचा मोठा कागद भिंतीवर सपाट चिकटवून समोरून फोटो काढा आणि चारही कोपरे ताडून पाहा. एकच कोपरा मऊ दिसला तर ती लेन्स परत द्या, आतली काच सरकलेली असू शकते.

पुढे फुल फ्रेम डीएसएलआर घ्यायचा बेत असेल तर ईएफ-एस लेन्स त्यावर बसत नाही, हे आत्ताच लक्षात घ्या. कॅननच्या ईओएस आर मालिकेच्या मिररलेसवर (आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांवर) अ‍ॅडाप्टर लावून चालते, पण फुल फ्रेम बॉडी फोटो क्रॉप करूनच देते. आणि हो, १५-८५ ला ७२ मिमीचे फिल्टर लागतात, तुमचे ५८ चे बसणार नाहीत. हूडही कॅनन सोबत देत नाही, तेव्हा विकणाऱ्याकडे तो आहे का ते आधीच विचारा.