पोटऱ्या भरण्यासाठी नेमका कसा व्यायाम करावा?

तुम्ही लिहिले आहे की तुम्ही सांगलीचे आहात, वय २४ आहे, दोन वर्षांच्या व्यायामाने मांड्या आणि खांदे चांगले भरले, पण पोटऱ्या मात्र जशाच्या तशा राहिल्या. जिममधल्या बसून टाचा उचलण्याच्या मशीनवर तुम्ही रोज शंभर-शंभर आवर्तने करता, आणि आता मित्र ‘पोटऱ्या जन्मतःच असाव्या लागतात’ म्हणून तुमची समजूत काढू लागले आहेत. मी साताऱ्यात व्यायाम शिकवतो आणि हीच तक्रार माझ्याकडे वारंवार येते, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. माझ्या मते तुम्ही बसून करण्याचा व्यायाम कमी करून उभ्याने, गुडघा सरळ ठेवून, टाच पायरीच्या खाली पूर्ण नेऊन आणि तिथे थांबून टाचा उचलायला लागलात, तर तुमच्या पोटऱ्या निश्चितच वाढतील.

त्याचे कारण स्नायूंच्या रचनेत आहे. पोटरीचा जो फुगीर भाग आपल्याला दिसतो तो गॅस्ट्रोक्नेमियस नावाच्या दोन भागांच्या स्नायूचा असतो आणि त्याच्याखाली सोलियस हा चपटा स्नायू असतो; खाली हे दोन्ही एकत्र येऊन अकिलीसच्या जाड कंडरेने टाचेच्या हाडाला जोडले जातात. यातला गॅस्ट्रोक्नेमियस गुडघ्याच्याही वर, मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकापासून सुरू होत असल्यामुळे गुडघा वाकवला की तो सैल पडतो आणि त्याला पुरेसा जोर लावता येत नाही. म्हणजे बसून केलेल्या व्यायामाचा भार मुख्यतः सोलियसवर येतो. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात त्याच माणसांच्या एका पायाला उभ्या स्थितीत आणि दुसऱ्या पायाला बसून असा १२ आठवडे व्यायाम दिला होता. उभ्या स्थितीतल्या पायाचा गॅस्ट्रोक्नेमियस सुमारे ९ ते १२ टक्के वाढला, बसलेल्या पायाचा २ टक्केही वाढला नाही. आणि सोलियसची वाढ दोन्ही पायांत जवळपास सारखीच, थोडीशी झाली. त्यामुळे सोलियससाठी म्हणून वेगळे बसून करायलाच हवे, हा जिममध्ये सर्रास दिला जाणारा सल्ला मला फारसा पटत नाही. तुमच्याकडच्या तालमींतले पैलवान शेकड्यांनी बैठका मारतात त्याने मांड्या उत्तम कमावल्या जातात, पण तिथेही गुडघा वाकलेलाच असतो, ही गोष्ट लक्षात घ्या.

आता प्रत्यक्ष कृती, कारण सगळा फरक इथेच पडतो. एखाद्या भक्कम पायरीच्या किंवा लाकडी ठोकळ्याच्या कडेवर फक्त चवडा ठेवा, टाच पूर्णपणे मोकळी असू द्या आणि एका हाताने भिंतीचा आधार घ्या. गुडघा सरळ ठेवून टाच सावकाश, दोन-तीन सेकंद घेत, पोटरीला चांगला ताण बसेपर्यंत खाली न्या, आणि तळाशी दोन सेकंद स्थिर राहा. मग झटका न देता वर या. अंगठ्याच्या मुळाशी जोर राहू द्या, घोटा बाहेरच्या बाजूला कलू देऊ नका. तळाशी थांबणे मी कुणालाही सोडू देत नाही. न थांबता उसळी घेत केले, तर अकिलीसची कंडरा स्प्रिंगप्रमाणे ताणून परत उचलते आणि स्नायूचे बरेचसे काम तीच करून टाकते. शंभर आवर्तने होतात, पण पोटरीवर पडायला हवा तो भार पडत नाही. चालण्या-धावण्यातही कंडरेची ही मदत सतत मिळत असते, म्हणूनच अजिंक्यतारा रोज चढणाऱ्यांची किंवा यवतेश्वरच्या घाटात धावण्याचा सराव करणाऱ्यांची पोटरी चिवट होते, दमसास वाढतो, पण तेवढ्याने ती जाड होतेच असे नाही.

तळाचा हा टप्पा वाढीसाठी सर्वांत मोलाचा आहे. तरुण स्त्रियांवर झालेल्या एका ८ आठवड्यांच्या अभ्यासात केवळ खालचा अर्धा टप्पा करणाऱ्यांची पोटरीच्या आतल्या भागाची वाढ सर्वाधिक आणि केवळ वरचा अर्धा टप्पा करणाऱ्यांची सर्वांत कमी आढळली. म्हणून पूर्ण वर येणे अशक्य झाल्यावर सेट लगेच संपवू नका, खालच्या अर्ध्या टप्प्यातली आणखी चार-पाच आवर्तने करा.

वजन इतके घ्या की १० ते १५ आवर्तनांच्या शेवटी आणखी एखाद-दुसरेच जमेल असे वाटावे. उभ्याचे मशीन नसेल तर एका पायावर, त्याच बाजूच्या हातात डंबेल घेऊन करा. लेग प्रेसच्या, म्हणजे पायांनी वजन ढकलण्याच्या मशीनच्या, फळीच्या खालच्या कडेवर चवडा टेकवून, गुडघे सरळ ठेवूनही उत्तम होते, फक्त सुरक्षेचे खटके लावलेले ठेवा. रोज करण्याऐवजी आठवड्यातून तीन दिवस, प्रत्येक वेळी चार सेट, मध्ये दीड-दोन मिनिटांची विश्रांती, आणि तेही व्यायामाच्या सुरुवातीला, कारण शेवटी उरकलेल्या व्यायामात जोर राहत नाही. वजन आणि आवर्तने वहीत लिहीत जा. १५ आवर्तने नीट जमली की वजन वाढवा.

मित्रांचे म्हणणे अगदीच खोटे नाही. स्नायू कुठे संपतो आणि कंडरा कुठे सुरू होते हे जन्मतः ठरलेले असते. टाच उचलून मागे हात लावला की स्नायूची खालची कड बोटांना लागते, आणि ती उंचावर असेल तर व्यायामाने खाली येत नाही. पण जेवढा स्नायू आहे तो जाड होऊ शकतो, आणि तुमच्या स्नायूला अजून योग्य भार मिळालेलाच नाही.

आहाराबद्दल थोडक्यात सांगायचे तर शरीराच्या दर किलो वजनामागे दिवसाला सुमारे १.६ ग्रॅम प्रथिने मिळतील असे पाहा. अंडी, दूध, पनीर, सोयाबीन, मोडाच्या कडधान्यांची उसळ यांतून ते साधते.

सुरुवात मात्र जपून करा. ताणलेल्या अवस्थेत भार दिल्यावर पहिल्या आठवड्यात पोटऱ्या इतक्या दुखतात की जिना उतरणे कठीण होते, म्हणून पहिले दोन आठवडे हलक्या वजनावर दोनच सेट करा. सकाळी उठल्यावर टाचेच्या मागे, कंडरेवर दुखू लागले तर वजन कमी करा. आणि व्यायामाशी संबंध नसताना एकच पोटरी सुजली, गरम लागली किंवा लाल झाली, तर ती चोळू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. महिन्यातून एकदा, सकाळी, पोटरीच्या सर्वांत जाड जागी टेपने माप घ्या. त्याहून लवकर मोजण्यात अर्थ नाही, कारण दिवसभर उभे राहिल्यावर पायावर येणाऱ्या सुजेनेही माप बदलते.